कातीव लेखणी

मुळा नदीचा स्वभाव पूर्वेकडे जाण्याचा. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम, खाली भाताची खोरी, मग पुणं. पण मुळशीच्या धरणात अडवलेलं तिचं पाणी उलटं जातं. डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून ते पश्चिमेला निघतं आणि सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातल्या भिऱ्याच्या वीजघरावर कोसळतं. १९२७ मध्ये भिऱ्याची चक्रं फिरू लागली. खोपोली आणि भिवपुरीच्या जोडीला ही तिसरी वीज मुंबईला मिळाली, आणि गिरण्यांच्या मागोमाग गल्लीबोळातले छोटे कारखानेही या विजेवर चालू लागले.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या छोट्या कारखान्यांतून एक वस्तू बाहेर पडू लागली. तिचं नातं मुळशीशी जोडायचं सहसा कुणाच्या मनात येत नाही. ती वस्तू म्हणजे शाईचं पेन. एबोनाइटची कांडी लेथवर धरायची, फिरवायची, कातायची, आतून पोकळ करायची, टोपणाला आटे पाडायचे. आज पुण्यात आणि पुण्याच्या आसपास लाकडाची, रंगीत रेझिनची पेनं हातानं कातणारी मंडळी आहेत. त्यांच्या कामाकडे ‘परदेशातून आलेला छंद’ म्हणून पाहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कातण्याची कला इथली जुनीच, लाकूडही इथलं. परकी राहिली ती एकच गोष्ट, आणि ती पेनाच्या टोकाशी बसली आहे.

मराठी मुलखात पूर्वी लेखणी विकत घेण्याची नव्हे, करण्याची वस्तू होती. पाणथळ जागी उगवणारा बोरू आणायचा, वाळवायचा, चाकूनं तिरका छेद द्यायचा, टोकाला बारीक चीर पाडायची, झाली लेखणी. झिजली की पुन्हा तासायची. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. त्यात निरनिराळ्या ठिकाणचे बारीक, सरळ बोरू जमवायला सांगितलं आहे. चाकू, शाई, हिंगूळ, कागद यांची तजवीज आहे, आणि तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, ते म्हातारपणी वाचता येत नाही, असा चष्मा सर्रास मिळत नव्हता त्या काळातला व्यवहारी सल्लाही आहे. सतराव्या शतकातल्या संतानं स्टेशनरीवर इतक्या बारकाईनं लिहावं, यातच त्या काळी लेखनसाहित्य किती कष्टानं जमवावं लागे ते दिसतं.

शाईही घरचीच. दिव्याचं काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून एक जात, हिरडा आणि हिराकस मिळून दुसरी. हिरड्यातलं टॅनिन लोहाशी संयोग पावलं की काळा रंग धरतो, आणि हिरडा म्हणजे घाटमाथ्याच्या रानांतलं नगदी फळ. कागद जुन्नरचा नाहीतर पुण्यातच कसब्याच्या कागदीपुऱ्यातला. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी लिपीतले जे कोट्यवधी कागद गठ्ठ्यांत बांधून ठेवले आहेत, ते या अशा सामग्रीवर उभे आहेत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत न्यायची, शक्यतो हात न उचलता. तिरक्या छेदाचा बोरू त्या वळणांना जाड-बारीक अशी लय देतो. कागदावर नुसती सही ठोकणाऱ्यांना आणि रणांगण न पाहता शौर्य गाजवणाऱ्यांना आपण ‘बोरूबहाद्दर’ म्हणतो; बोरू गेला, शिवी मात्र अजून चालू आहे.

बोरूत एक गोष्ट अशी होती की जी पुढच्या कुठल्याच पेनात राहिली नाही. दांडी आणि टोक एकाच काडीचं. ज्या हातानं लिहायचं त्याच हातानं दोन्ही करता येत.

ही जोडी फोडली ती बर्मिंगहॅमनं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कारखान्यांत पोलादी पत्र्यातून निबा ठोकून काढायचं यंत्र बसलं, आणि शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या फार मोठ्या भागाचं लिखाण त्या एका शहराच्या निबांवर चालू लागलं. आपल्याकडे तिचा ‘टाक’ झाला. दौत-टाक हा शब्दच जोडीनं येतो. पण टाक म्हणजे काय, तर एक कातीव लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला खोचलेली विलायती निब. दांडी कुठल्याही कातारीला सहज जमेल अशी. निब कुणालाच नाही. पेनाच्या देशी-विदेशीपणाचा सगळा घोळ त्या दिवशी सुरू झाला.

कातारी हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. लाकूड फिरवून कातणारा तो कातारी. सुतारानं पलंग करावा आणि कातारीनं त्याचे पाय; पाळण्याच्या खुंट्या, लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, पोरांचे भोवरे, बुद्धिबळाची प्यादी, सगळं त्याच्या हातचं. त्याचं जुनं यंत्र जमिनीलगत असे. दोन खुंट्यांच्या मध्ये लाकूड अडकवायचं, त्याला धनुकलीच्या दोरीचा वेढा द्यायचा आणि एका हातानं धनुकली पुढेमागे ओढत राहायचं. लाकूड एकदा या अंगाला फिरे, एकदा त्या. पटाशी धरायला दुसरा हात आणि ती स्थिर ठेवायला पायाचा अंगठा. बसून काम करणाऱ्या कारागिराचे पाय हे हातांइतकेच कामाचे, हे आपल्या उभ्या लेथवाल्यांना पटवून द्यावं लागतं.

सावंतवाडीत याच कामाला रंग चढला. तिथल्या चितार आळीतली फळं, खेळणी, डबे पाहताना रंगाकडे लक्ष जातं, पण कृती लक्षात घेण्यासारखी आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानानं घासून तिला चकाकी आणायची. लाख ही किड्यानं झाडावर सोडलेली राळच, म्हणजे रेझिन. म्हणून आजचा पेनवाला लेथवर फिरणाऱ्या लाकडाला पातळ, झटपट सुकणाऱ्या गोंदाचे थर देऊन काचेसारखी चमक आणतो, तेव्हा तो सावंतवाडीच्या कारागिराचीच युक्ती नव्या बाटलीतून वापरत असतो.

इकडे मुळशी खोऱ्यात, भिऱ्याची वीज येण्याआधी, वेगळंच लिहिलं जात होतं. टाटांच्या धरणासाठी सरकारनं १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घ्यायला सुरुवात केली. पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा इथली, आणि पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली तीही या लढ्यातून. लढा फसला, त्याचं एक कारण कागदावरच होतं. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती, खत ज्याच्या पेटीत होतं त्याला मोबदला चालणार होता. कुळाचा अंगठा एकीकडे आणि सावकाराची लेखणी दुसरीकडे, अशा ठिकाणी लेखणीचा इतिहास रम्य करून सांगता येत नाही. १९२४ पर्यंत चळवळ ओसरली. तीन वर्षांनी भिऱ्याची वीज सुरू झाली. धरणग्रस्तांच्या वाड्यावस्त्यांवर दिवा लागायला मात्र पुढे काही दशकं जावी लागली.

तोवर जगात फाउंटन पेनानं जम बसवला होता. लुईस वॉटरमनचं पेटंट १८८४ चं. पेनाचं शरीर होतं एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. काळ्याभोर आबनुसासारखं दिसतं म्हणून त्याला नावही आबनुसाच्या इंग्रजी नावावरून पडलं. लाकडाची नक्कल करणारा हा पदार्थ लाकडापेक्षा पेनाला जास्त मानवला. तो शाई पीत नाही, फुगत नाही, लेथवर लोण्यासारखा कातला जातो, आणि हाताला गार लागत नाही. कातताना गंधकाचा वास तेवढा सहन करावा लागतो.

भारतीय पेनाच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध पत्र वर्ध्याहून गेलं आहे. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम सोनारांसाठी ठसे करणारे. त्यांनी १९३२ मध्ये पेनं करायला सुरुवात केली. संपूर्ण देशी पेन ही अट पाळायची तर अडचण पुन्हा तीच, निबेची. शरीर कातणं सोपं. सोन्याचा पत्रा लाटून, कापून, वाकवून, टोकाला कठीण धातूचा राईएवढा कण वितळवून बसवणं आणि मग त्याच्या बरोबर मधून केसाएवढी चीर नेणं, हे काम वेगळं. रत्नम यांच्याकडे सोनारकामाचा हात होता म्हणून ते निभावलं. पेन ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचलं आणि १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून कळवलं की पेन आपण वापरून पाहिलं, बाजारातल्या विलायती पेनांची जागा ते चांगली घेऊ शकेल. मजा अशी की त्याच काळात वर्ध्याला मगनवाडीत गावच्या कागदावर, गावच्या शाईनं, बोरूनं लिहिण्याचा आग्रह चालू होता. म्हणजे फाउंटन पेनाला शाबासकी मिळाली ती बोरूच्या गावातून.

शाईचा देशी धंदा मुंबईत याआधीच उभा राहत होता. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी १९३१ मध्ये गिरगावात शाईच्या पुड्या आणि वड्या करायला घेतल्या, ‘हॉर्स ब्रँड’ नावानं. त्यातूनच पुढे कॅम्लिन झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी पेनांच्या आयातीवर निर्बंध आले आणि मुंबईच्या पेनवाल्यांना मोकळं रान मिळालं. विल्सन, एअरमेल, वॅलिटी ही नावं आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकाला शाळेचा वास घेऊन येतील. लेथही आता देशी मिळत होती. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला यंत्रसामग्रीचा कारखाना काढला आणि ‘किर्लोस्कर लेथ’ हा छोट्या कारखानदारांच्या तोंडी रुळलेला शब्द झाला. पिढीजात कातारीच्या जागी आयटीआयमधून शिकलेला टर्नर आला. काम तेच, बसण्याऐवजी उभं राहून.

ती पेनं गळत, हे कबूल करायला हवं. ड्रॉपरनं शाई भरायची, आटे घट्ट लावायचे, तरी परीक्षेच्या दिवशी खिशावर निळा डाग ठरलेला. बोटांची शाई डोक्याच्या केसांना पुसणं हा तर शालेय जीवनाचा संस्कारच होता. निबेखालची जीभ नीट बसली नसेल तर शाई धो धो येई. मग दुकानदार ती गरम पाण्यात बुडवून निबेला चिकटवून देई. हा सगळा दुरुस्तीचा व्यवसाय बॉलपेननं मोडला. शिक्षकांनी ‘अक्षर बिघडतं’ म्हणून काही वर्षं विरोध केला, पण फेकून देता येणाऱ्या पेनापुढे दुरुस्त करता येणारं पेन टिकलं नाही.

हातानं कातलेलं पेन परत आलं ते निराळ्या वाटेनं. अमेरिकेत हौशी लेथवाल्यांसाठी पेनाचे सुटे भाग पेटीत घालून विकले जाऊ लागले: पितळी नळ्या, क्लिप, टोक, रिफिल. हौशी माणसानं फक्त शरीर कातायचं. त्यासाठी लागतो साधारण पाऊण इंच चौकोनी आणि पाच इंच लांबीचा ठोकळा. त्याला सगळे ‘ब्लँक’ म्हणतात. ठोकळा कापायचा, मधोमध सात मिलिमीटरचं भोक पाडायचं, आत पितळी नळी चिकटवायची, दोन्ही टोकं काटकोनात घासायची, दांड्यावर ओवून लेथवर चढवायचं. आधी गोल पटाशी, मग तिरक्या धारेची. मग पॉलिश पेपर, खरखरीतापासून बारीकाकडे. शेवटचा तर बोटाला कापडासारखा लागतो. पहिल्या दहांतले निम्मे ठोकळे फुटतात, बहुतेक वेळा अगदी शेवटच्या मिलिमीटरला.

या पेटीच्या पलीकडे गेलेले कारागीर आटेसुद्धा स्वतः पाडतात. पुण्यातलं फॉसफॉर, मुंबईतलं लोटस ही अशी नावं पेनशौकिनांना देशाबाहेरही ठाऊक आहेत. त्यांच्या पेनात सगळं शरीर कातीव असतं, पेटीतलं काही नसतं. जवळपास काही नसतं. तिथे पुन्हा येऊच.

लाकडाचा प्रश्न मात्र पुण्या-मुळशीकडे मजेदार आहे. रान समोर दिसतं पण तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानं साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, हिरडा अशा झाडांना परवानगीशिवाय हात लावायची सोय ठेवलेली नाही. झाडाबद्दलची ही सावधगिरी जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लाकूड हवं असलं तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत अशी ताकीद आहे. शिसवीचं तर आंतरराष्ट्रीय प्रकरण झालं. २०१७ मध्ये शिसवीचं सगळं कुळ व्यापारनियंत्रणाच्या यादीत गेलं आणि शिसवी पेन परदेशी धाडायचं तर कागदपत्रं आली. २०१९ मध्ये तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सवलत मिळाली, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

पेनवाल्याला सुदैवानं फार थोडं लागतं. फर्निचरच्या कारखान्यातले उरलेले तुकडे, वादळात पडलेली फांदी, आणि पुण्यात तर खजिनाच: पाडलेले वाडे. शनिवारवाड्याचा साग जुन्नरच्या जंगलातून आला असं सांगतात. तो वाडा १८२८ च्या आगीत गेला. पण पेठांमधल्या साध्या वाड्यांचे खांब, तुळया, कडीपाट अजून भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात आणि जुन्या लाकडाच्या वखारींत येत असतात. आठ इंची चौकोनी खांबाचा फूटभर तुकडा करवतीचा भुसा वजा जाता शंभरावर पेनांना पुरतो. शे-दीडशे वर्षं छपराखाली वाळलेलं ते लाकूड आता हलत नाही, हा त्याचा खरा गुण. ‘पेशवेकालीन सागाचं पेन’ म्हणून त्याला जी किंमत लावतात ती मात्र सावधपणे ऐकावी. खांबाला जन्मदाखला नसतो.

ताजं लाकूड हा वेगळा छळ आहे. मुळशी-ताम्हिणीचा पाऊस सोसणाऱ्या हवेत जुलैत कातलेलं फणसाचं पिवळं लाकूड जानेवारीत आकसतं. आतली पितळी नळी आकसत नाही. मग एका सकाळी तंतूंच्या रेषेत बारीक तडा दिसतो. म्हणून ठोकळे महिनोन् महिने वाळवत ठेवायचे, टोकांना मेण लावून. आणि लाकूड शाई पितं, त्यामुळे लाकडी पेनात बोरूच्या काळासारखी शाईशी थेट गाठ कुणी घालत नाही. आतून एबोनाइटचं अस्तर नाहीतर प्लॅस्टिकची शाईनळी.

रेझिननं ही भानगड मिटवली आणि दुसऱ्या उभ्या केल्या. द्रवात कडक करणारा घटक मिसळायचा, अभ्रकाच्या पुडीनं मोत्यासारखा रंग आणायचा, साच्यात ओतायचं. रंग केव्हा ओतायचा त्याचं गणित असतं: लवकर ओतलात तर सगळे मिसळून गढूळ, उशीर केलात तर थर वेगळे. हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा हवेच्या दाबाखाली, चाळीस ते साठ पौंडांवर, बंद भांड्यात ठेवतात. सगळ्यात देखणा प्रकार म्हणजे अर्धं लाकूड, अर्धं रेझिन. त्यासाठी कुजकी, वाळवीनं खाल्लेली, गाठींनी वाकडी झालेली लाकडंच हवी असतात. सुतार जे चुलीत घालेल ते इथे सगळ्यात महाग. पटाशी मात्र दोन पदार्थांच्या सीमेवर दचकते, आणि रेझिनच्या लांबलचक, केसांसारख्या कातऱ्या ठोकळ्याभोवती गुंडाळत जातात. दर मिनिटाला लेथ थांबवून त्या सोडवाव्या लागतात. साग कातला की भुशाचा वास येतो. रेझिनच्या कातऱ्या केराच्या डब्यात जातात आणि तिथेच राहतात, कुजत नाहीत. हातकामाच्या कौतुकात हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

पेन पुरं होत आलं की शेवटी निब. भारतात निबा होत नाहीत असं नाही, कॅनराइट ही कंपनी करते. पण पुण्यातला पेनवाला चांगल्या पेनाला बहुधा जर्मन निब बसवतो: हायडेलबर्गची बॉक नाहीतर बर्लिनची योवो, पाच किंवा सहा नंबरची. आट्यांसह तयार मिळते, पेनाच्या तोंडात फिरवून घट्ट करायची. बर्मिंगहॅम जाऊन जर्मनी आली एवढाच फरक. स्वस्त पेनांच्या निबेवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असं कोरलेलं असतं. ती पुष्कळदा जर्मनीतली नसते आणि तिच्या टोकाला इरिडियमही नसतं.

मग शाई भरून, जुन्या सवयीनं, कागदाच्या माथ्यावर पहिल्यांदा ‘श्री’ काढतात. पेशवे दप्तरातल्या कागदांवरही वर ‘श्री’च असतो. चाचणीला हे अक्षर उत्तम आहे. त्यात गोलाई आहे, तिरकी उतरण आहे, वेलांटी आहे. निब कुठे खरवडते ते लगेच कळतं, आणि खरवडलीच तर कारागीर ती पुन्हा काढून, भिंगाखाली धरून, शेवटच्या बारीक पॉलिश पेपरवर दोन-तीनदा आठाच्या आकड्यासारखी फिरवतो.